बाबांची चार मखरं

पाश्चात्त्य वास्तुकलेचा इतिहास, बरोकपासून आधुनिक काळापर्यंतचा, मी मार खात शिकले. हे वाक्य मी वर्गात कधी उच्चारलेलं नाही. एका कम्युनिटी कॉलेजात गेली वीस-बावीस वर्षं मी हाच विषय शिकवते. समोर मुलं बसलेली असतात, निम्मी फोनमध्ये, निम्मी पेंगुळलेली. पडद्यावर पिळदार खांबांचं एखादं चर्च उजळतं आणि माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटतात. मुलांना वाटतं, बाईंना संधिवात आहे. आता थोडा आहेही, पण बोटं मिटायची सवय संधिवाताच्या फार आधीची आहे.

पुण्याहून आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आलो ते आईच्या नोकरीमुळे. आई चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, कामाचा व्हिसा तिचा. बाबा आणि मी तिचे डिपेंडंट. मला त्यात वावगं वाटायचं काही कारण नव्हतं. मी दहा वर्षांची होते, त्या वयात माणूस अवलंबूनच असतो. बाबा एकेचाळीस वर्षांचे होते. पुण्यात ते आर्किटेक्ट होते, कॉलेजात वास्तुकलेच्या इतिहासात पहिले आलेले, आणि इथे कायद्याने त्यांना कुणाच्या ऑफिसात बसून पेन्सिलीला टोक काढायचीसुद्धा परवानगी नव्हती. सकाळी आई गाडी घेऊन निघून गेली की बाबा घर आवरायचे, कपडे खालच्या मशीनला लावायचे, कुकर चढवायचे. सुरुवातीला त्यांचा स्वयंपाक गिळवत नसे, मग फार चांगला झाला. लसणाची चरचरीत फोडणी दिलेलं त्यांच्या हातचं पिठलं, त्याच्या तोडीचं मी अजून कुणाकडे खाल्लेलं नाही. पोळ्या मात्र त्यांना शेवटपर्यंत जमल्या नाहीत. आम्ही दुकानातले टॉर्टिया तव्यावर तूप सोडून भाजायचो आणि त्यांनाच पोळी म्हणायचो. जेवताना लांबून कॅलट्रेनचा, म्हणजे तिथल्या लोकल गाडीचा, भोंगा ऐकू यायचा, खाली कपड्यांचं मशीन धडधडायचं, आणि आई आणि मी वाटीतून नजर न उचलता बाबांच्या चावण्याकडे कान लावून असायचो. सावकाश चावत असतील तर बरं असायचं. मध्येच थांबले, की आई काहीतरी निमित्त काढून उठायची आणि माझ्या खुर्चीच्या आणि त्यांच्या खुर्चीच्या मधे येऊन उभी राहायची.

राग बाबांच्या पुण्यातही नाकावरच असायचा. तिथे ते भडकले की भिंतीवर मूठ मारायचे. पुण्यातली भिंत विटांची, वर सिमेंटचा गिलावा. भिंतीला काही व्हायचं नाही, बाबांच्या बोटांची सालं निघायची, आई हळद लावायची आणि दोन दिवस घर शांत असायचं. सनीव्हेलला त्यांनी पहिल्यांदा भिंतीवर मूठ मारली तेव्हा ती मनगटापर्यंत आत गेली. लाकडी पट्ट्यांवर जिप्समचा बोर्ड ठोकलेला, मागे नुसती पोकळी. अमेरिकेत घरं अशी बांधतात हे त्यांना पुस्तकातून माहीत असणारच. पण हात आत गेला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. आधी नवल वाटलं आणि मग, खोटं कशाला बोलू, त्यांना आनंद झाला. "पुठ्ठा आहे," ते म्हणाले, "अख्खा देश पुठ्ठ्याचा आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून बोर्डाचा तुकडा आणि पुट्टी आणून ते भोक इतक्या सफाईने बुजवलं की बोटं फिरवूनही कळू नये. पुढच्या महिन्यात दुसरं भोक पडलं. माझं आपलं एक मत आहे, आणि ते कुणाला पटवून द्यायचा मी प्रयत्न करत नाही: त्या भिंतीने पुण्यातल्या भिंतीसारखं उलटून मारलं असतं, तर पुढचं बरंचसं टळलं असतं. मोडणं सोपं आहे हे बाबांना त्या घराने शिकवलं.

मी शाळेतून आले की शिकवणी. आई ऑफिसमधून कॉम्प्युटरचा वापरलेला कागद आणायची, दोन्ही कडांना भोकं असलेला, एकाला एक जोडलेला लांबच लांब. त्याच्या कोऱ्या बाजूवर बाबा मला रोम काढायला लावायचे, पॅरिस काढायला लावायचे. समोर पुस्तक नाही. त्यांनी स्वतः यातली एकही इमारत पाहिली नव्हती. कॉलेजच्या लायब्ररीतल्या काळ्यापांढऱ्या फोटोंवरून त्यांनी सगळं पाठ केलं होतं, खांबाला खाचा किती, घुमटाला बरगड्या किती, आणि ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. हातात लाकडाची त्रिकोणी स्केल असायची. माझं प्रमाण चुकलं की ती बोटांच्या पेरांवर बसायची. तिला तीन धारा असतात आणि कुठली धार लागेल ते बाबांनी ती कशी धरली आहे यावर असायचं. पण त्यांची शिकवणी रटाळ होती असं मी कधी म्हणणार नाही. आमच्या कॉलेजातले पदवीवाले इतक्या तन्मयतेने शिकवत नाहीत.

"शैली म्हणजे काय?" ते विचारायचे, आणि उत्तरही तेच द्यायचे, "आधीच्या शैलीचा खून." बरोक म्हणजे चर्चने लोकांच्या कानशिलात मारलेली. लोक निघून जायला लागले होते, धर्मावरून माणसं एकमेकांना जाळत होती, तेव्हा चर्च म्हणालं, आत ये आणि बघ. खांब ओल्या धोतरासारखे पिळले, छत फाडून आकाश दाखवलं, सोनं ओतलं. पुढे राजेरजवाड्यांनी तेच दिवाणखान्यात नेलं, शिंपले आणि वेलबुट्टी करत बसले, आणि बाहेर उपाशी माणसांनी एक दिवस त्यांची मुंडकी उडवली. मग पांढरे, सरळ, रोमन खांब आले, कारण ज्यांनी मुंडकी उडवली त्यांनाही आपण सभ्य दिसावं असं वाटत होतं. मग जुनं पॅरिस मधोमध चिरून रुंद रस्ते काढले, तोफा ओढता याव्यात म्हणून. मग लोखंड आलं, काच आली, शिकागो जळलं आणि त्याच राखेवर उंच इमारती उठल्या. मग दोन युद्धं, विमानातून शहरंच्या शहरं सपाट, आणि शेवटी काही माणसं उठून म्हणाली, आता पुरे, ही सगळी वेलबुट्टी खरवडून काढा, भिंत ही भिंत दिसू दे. इथपर्यंत आले की बाबांचा आवाज मऊ व्हायचा. आधुनिक काळ हा त्यांचा सुटकेचा काळ होता. मी मुलांना आज शिकवते ते पुष्कळ वेगळं, जास्त बरोबर आणि कितीतरी मिळमिळीत आहे.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती कम्युनिटी सेंटरच्या भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. मंडळाचे अध्यक्ष सबनीस काका, मुंबईचे, त्यांच्या गॅरेजमध्ये मूर्ती वर्षभर चादरीत गुंडाळून ठेवलेली. आम्ही आलो त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी कुठूनतरी ऐकलं की बाबा आर्किटेक्ट आहेत. "अहो, मग मखर तुमच्याकडे," ते म्हणाले. बाबांनी दोन महिने घेतले. आमच्या गाडीच्या शेडमध्ये, आई ऑफिसला गेली की रिकाम्या होणाऱ्या जागेत, त्यांनी इन्सुलेशनचे निळे फोम आणले, गिटारची तार एका खेळण्यातल्या आगगाडीच्या ट्रान्सफॉर्मरला जोडून तापवली आणि त्या तारेने लोणी कापावं तसे पिळदार खांब कापले. वास इतका उग्र की माझे डोळे चुरचुरायचे. वर लंबगोल घुमट, त्यात ढग, ढगांतून सोनेरी किरणं. शिडीवर चढून तो बसवावा लागला. आरतीला लोक देवाकडे पाठ करून घुमटाचे फोटो काढत होते. त्या दिवसापासून बाबा मंडळात मखरवाले काका झाले.

दुसऱ्या वर्षी पांढऱ्या रोमन खांबांचं मखर झालं. सगळे म्हणाले, "वा, व्हाइट हाउस केलंत की," आणि बाबा दात आवळून हसले. तिसऱ्या वर्षी काळ्या लोखंडी कमानी आणि पारदर्शक प्लॅस्टिकचं छत, जुन्या युरोपातल्या स्टेशनासारखं. आणि हे मला लिहून ठेवायलाच हवं की ते जुलै-ऑगस्ट आमच्या घरातले सुखाचे महिने असायचे. बाबा शीळ घालायचे. रविवारी थालीपीठ लावायचे. कुणावर हात उचलायचे नाहीत. शेडमध्ये त्यांच्या शेजारी बसून मी फोमला सँडपेपर मारायचे, माझे केस पांढऱ्या मण्यांनी भरायचे, आणि ते मला कमानीचा भार कुठून कुठे जातो ते सांगायचे तेव्हा या माणसासारखा बाप कुणाला नाही असं मला वाटायचं. विसर्जन झालं की मंडळी मखर मोडून कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकायची. बाबा मदत करायचे, बोलायचे नाहीत. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीला भोक पडायचं, किंवा ताट उडायचं, किंवा आईचे दंड धरून ते तिला फ्रिजवर आपटायचे. तीन वर्षांत हे इतकं ठरल्यासारखं झालं होतं की आई विसर्जनानंतरच्या आठवड्यात लांब बाह्यांचे ब्लाउज इस्त्री करून ठेवायची.

चौथं मखर आधुनिक. आधीची तिन्ही या एकासाठीच केली होती, लोकांना पायरी पायरीने इथवर आणायचं होतं, हे त्यांनी मला त्या उन्हाळ्यात सांगितलं. चार बारीक स्टीलचे पाइप, त्यावर करडं सपाट छत, पाठीला आणि दोन बाजूंना ॲक्रिलिकच्या स्वच्छ शीट, आणि मधे करडा चौकोनी ठोकळा, त्यावर देव. इतकंच. छत माझ्या उंचीपेक्षा थोडंच वर. "मखर दिसायचं नाही, मूर्ती दिसायची," बाबा म्हणाले. आज इतक्या वर्षांनी, त्या एकाच मखराचा फोटो माझ्याकडे आहे. वर्गात दाखवावा इतकं ते सुंदर होतं.

स्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी ते हॉलमध्ये उभं केलं. कमिटी बघायला आली. सबनीस काका म्हणाले, "छान आहे, क्लीन आहे, पण यार, हे बस स्टॉप वाटतंय." सगळे हसले. "जरा झालर-बिलर लावा, लायटिंग करा. पोरं काय बघणार?" बाबा मला घेऊन घरी आले, वरणाला फोडणी दिली, पानं वाढली. जेवायला बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"इट्स गुड, बाबा," मी म्हणाले. पण म्हणायच्या आधी मी घास गिळला, आणि तेवढा उशीर त्यांना पुरला. स्केल टेबलावरच होती. पेरांवर एक बसली, दुसरी बसली, आणि तिसरीला आई उठून मधे आली. "तिला काय विचारताय? चौदा वर्षांची पोर ती," एवढंच म्हणाली. बाबांनी शेगडीवरचं वरणाचं पातेलं उचललं आणि तिच्या पायांशी आपटलं. कढतं वरण तिच्या उजव्या पावलावर सांडलं. ती ओरडली नाही. खाली सुनंदा मावशी राहायची, नागपूरची, एका लॅबमध्ये कामाला. आपल्या घरचं तिला ऐकू जाऊ नये म्हणून आई कधीच ओरडायची नाही. तिने नळाखाली पाय धरला आणि मला फरशी पुसायला सांगितलं. पिवळं वरण कार्पेटच्या कडेपर्यंत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मूर्ती आणायला सबनीस काकांकडे गेले. आईला त्या पायाने गाडीचा पेडल दाबता येत नव्हता, म्हणून मावशीने आम्हाला हॉलवर सोडलं. मावशी बौद्ध, गणपतीला येत नसे. बाहेर लॉबीत पेपर वाचत थांबते म्हणाली. आईने नारायणपेठी नेसली होती आणि पावलावरचे फोड झाकायला खाली पांढरे मोजे घातले होते. आत बायका हार गुंफत होत्या. एकीने मोजे पाहिले. "काय गं, कॅलिफोर्नियात थंडी वाजते का तुला?" सगळ्या खळखळून हसल्या. आईही हसली, त्यांच्याहून मोठ्याने हसली. ते तिचं हसणं मला सहन झालं नाही. चार वर्षांचं सगळं एकदम माझ्या डोक्यात गेलं. मला वाटलं, यांना काहीच माहीत नाही, यांना मखरवाले काका माहीत आहेत. यांना आज बाबा दाखवायचे.

गेल्या तीन वर्षांच्या सजावटीचं खोकं कोपऱ्यात होतं. मी ते ओढत आणलं. सोनेरी झालर छताच्या चारी कडांना लावली. आरशांची पट्टी पाइपांना गुंडाळली. प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण, थर्माकोलचे दोन मोर, आणि ॲक्रिलिकवरून उघडमीट करणारे लाल-हिरवे दिवे. बायका म्हणाल्या, "अगंबाई, किती छान, आता गणपतीसारखं वाटतंय." बाबांनी मला जे जे खरवडायला शिकवलं होतं ते सगळं मी परत चिकटवलं, आणि प्रत्येक टेप लावताना मला नीट माहीत होतं मी काय करते आहे. बाबा येतील, बघतील, विचारतील, मी "मी" म्हणेन आणि ते मला सगळ्यांसमोर मारतील. मग कुणाला काही सांगायची गरज उरणार नाही. मी दिव्यांचा प्लग लावला आणि मखराच्या समोर जाऊन उभी राहिले. आई माझ्याकडे बघत होती.

झांजा आल्या. "गणपती बाप्पा मोरया" करत सबनीस काका मूर्ती छातीशी धरून आत आले, मागून बाबा. बाबांनी मखर पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. मागच्या लोकांना कळलं नाही, ते थोडा वेळ मोरया म्हणत राहिले, मग तेही थांबले. हॉलमध्ये फक्त त्या दिव्यांच्या माळेची टिकटिक राहिली.

"कुणी?" बाबांनी विचारलं. अगदी हळू.

मी तोंड उघडलं. माझ्याआधी आई म्हणाली, "मी."

त्यांनी आधी झालर ओरबाडली. मग कोपऱ्यातला एक पाइप उपटला, छत एका बाजूला कलंडलं आणि बायकांनी पोरांना मागे खेचलं. पाइपने त्यांनी ॲक्रिलिकच्या शीट फोडल्या, एक, दोन, तीन, मोर फोडले, तो करडा ठोकळा फोडला. दोन महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते त्यांनी मिनिटभरात संपवलं, आणि कुणी त्यांना धरलं नाही. मग ते आईकडे वळले. आईने हात वर केला. आवाज आला तो मला आधी ॲक्रिलिकचाच वाटला. मग तिचा हात कोपर आणि मनगटाच्या मधे जिथे वाकत नाही तिथे वाकलेला दिसला. बाबांनी पुन्हा पाइप उचलला तेव्हा कुठे दोघांतिघांनी त्यांना मागून मिठी घातली.

यानंतर जे झालं त्याचा मला आजही बाबांचा येतो तितकाच राग येतो. एका डॉक्टर काकूंनी आईचा हात ओढणीने बांधला. कुणीतरी ॲक्रिलिकचे तुकडे झाडायला घेतले. सबनीस काकांनी मूर्ती खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "वहिनी शिडीवरून पडल्या. ओके? आपण सगळ्यांनी पाहिलं. पोलीस आले तर केस होईल, व्हिसा जाईल, यांचा जाईल आणि आपल्यालाही प्रश्न विचारतील." पन्नासेक माणसं होती, इंजिनिअर, मॅनेजर, दोन डॉक्टर. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे कुणालाच शिकवावं लागलं नाही. कुणीतरी स्टोअररूममधून शिडी आणून तिथे ठेवलीसुद्धा. आई मान हलवत होती, हो, पडले, शिडीवरून पडले.

"कुठची शिडी?" दारातून सुनंदा मावशी म्हणाली. आवाज ऐकून ती आत आली होती. "त्या छपराले तर हात पोचते."

"तुम्ही यात पडू नका," सबनीस काका म्हणाले. "हा आमच्या मंडळाचा विषय आहे. तुम्हाला कळणार नाही."

"विषय नाही कळत. आवाज तर कळते न," मावशी म्हणाली. "तीन वर्षं मी याईच्या घराखाली ऐकून राहिली. चूक माझी, की नुसती ऐकून राहिली." ती सरळ सेंटरच्या ऑफिसात गेली आणि तिथल्या फोनवरून तिने पोलिसांना बोलावलं.

दोन पोलीस आले. आई शिडी म्हणाली, मंडळ शिडी म्हणालं. त्यांतल्या पोलीस बाईने मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं आणि बाकावर बसवून विचारलं, काय झालं. माझ्या तोंडून खरं निघेना आणि खोटंही निघेना. तिने वाट पाहिली, मग आपलं पॅड आणि पेन माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, बोलू नकोस, काढून दाखव. काढणं मला येत होतं. मी हॉलचा प्लॅन काढला. दारं, खुर्च्यांच्या रांगा, मखराचे चार पाइप, त्यातला एक उपटलेला तो ठिपक्यांनी. आई इथे, बाबा इथे, मधे चार फूट. मी इथे. शिडी स्टोअररूममधून बाहेर आली ती वाट बाणाने, आणि बाजूला इंग्रजीत लिहिलं, नंतर. तिने कागद बराच वेळ पाहिला आणि आत गेली.

बाबांना बेड्या घालून त्याच पॅसेजमधून आणलं. केसांत ॲक्रिलिकचे तुकडे चमकत होते. पोलीस बाईच्या हातातला माझा कागद त्यांना दिसला. ते थांबले, वाकून पाहिलं आणि मला मराठीत म्हणाले, "उत्तर दिशा दाखवली नाहीस." आणि मी, सांगायला लाज वाटते, बाकावरून उठून त्या बाईकडे पेन मागितलं आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढून दिला. तोवर ते दाराबाहेर गेले होते.

आईचा व्हिसा गेला नाही. कुणाचाच गेला नाही. ज्या भीतीने पन्नास शिकलेली माणसं एका सुरात खोटं बोलली, ती आम्हीच एकमेकांना सांगत आलेली गोष्ट होती. बाबांवर खटला झाला, शिक्षा झाली, त्यानंतर ते पुण्याला परतले आणि एका खासगी कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. मी त्यांना मोठेपणी दोनदा भेटले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "बरोकला किती तास देतेस?" मी म्हणाले सहा. "फार झाले," ते म्हणाले. एवढंच आमचं बोलणं. माफी त्यांनी मागितली नाही आणि मी ती मागायला लावली नाही. या दोन्ही गोष्टींचं मला वाईट वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी दुपारचं. हॉस्पिटलमधून निघालो तेव्हा आईचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि पावलाला पट्टी होती. मावशी गाडी चालवत होती, आई आणि मी मागे. वाटेत मावशी पेट्रोल भरायला उतरली. दार लागल्याबरोबर आई म्हणाली, "झालर तू लावलीस ते मी पाहिलं होतं."

"मग काढली का नाहीस?"

"मला वाटलं, पोर आहे, आवडलं म्हणून लावते आहे." "मग तू दिवे लावलेस आणि पुढे जाऊन उभी राहिलीस, तेव्हा कळलं. पण तोवर झांजा आल्या होत्या. तुला वाटलं, तुला मारतील."

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांच्या समोर. म्हणजे सगळ्यांना दिसलं असतं."

तिने डाव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. हात नीट वळत नव्हता, तरी कान बधिर झाला. आईने मला मारलेली ती पहिली आणि शेवटची. "चार वर्षं मी मधे उभी राहिले ती कशाला?" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तू आपल्या पायांनी चालत जाऊन समोर उभी राहावीस म्हणून?"

मावशी परत आली, तिने आरशातून माझ्या गालाकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी सुरू केली. मी रडायला लागले. भर रस्त्यात, मोठ्याने, नाक गळेपर्यंत रडले. बाबांच्या चार वर्षांच्या मारात मी एकदाही रडले नव्हते. आई खिडकीबाहेर बघत होती, आणि घर येईपर्यंत तिने मला गप्प बस म्हटलं नाही.